पुंजाजीचा घास

अमरावती,
२८ नोव्हेंबर १९६६

चि. सिंधूस मोरोदादाचे अनेक आशीर्वाद.

तू अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मढी फाडतेस, ही गोष्ट आम्ही इतकी वर्षं पाहुण्यांपासून लपवून ठेवली. 'सिंधू डॉक्टर आहे' एवढंच सांगायचं आणि चटकन पोह्यांची बशी पुढे करायची, असा मावशीचा दंडकच आहे. आता त्याच गोष्टीवर माझी सारी भिस्त आहे. देवाचा न्याय म्हणतात तो हाच.

त्याचं असं झालं. आपल्या उद्धवचं कॅनडाहून पत्र आलं. अभ्यासाबद्दल दोन ओळी आणि टेलिव्हिजनबद्दल चार पानं. पुतण्या माझाच, दोष कोणाला देऊ! तिकडे घरोघरी एक पेटी असते म्हणे, आणि तिच्यातली माणसं नुसती बोलत नाहीत, दिसतातसुद्धा. तिच्यावर दर आठवड्याला एक नाटक लागतं, आणि त्याचा नायक कोण? राजपुत्र नाही, फौजदार नाही, तर कॉरोनर! कोणी संशयास्पद मेलं की ते कसं मेलं हे शोधणारा सरकारी अंमलदार. तो मेलेल्याची बाजू घेतो आणि जिवंतांशी भांडतो. कारखानदाराशी भांडतो, नगरपालिकेशी भांडतो, वरिष्ठांशी तर भांडतोच भांडतो. उद्धव लिहितो, 'काका, हा लागला की मी जेवण विसरतो.' उद्धव जेवण विसरतो म्हणजे काय ते तुला माहीत आहेच.

ते वाचून माझ्या अंगात वारं शिरलं. आमच्या हौशी मंडळासाठी तीन अंकी नाटक लिहायला घेतलं आहे. नाव 'मृताचा वकील'. नायकाचं काम वामनराव करणार. हायस्कुलात इतिहास शिकवतात, आवाज असा की गांधी चौकात बोलले तर बडनेऱ्याला ऐकू जावं. तेव्हा ताबडतोब कळव. तू काम करताना काय घालतेस? पाइप ओढतेस का? निकाल जाहीर करताना उभी राहतेस की बसून सांगतेस? आणि गुन्हेगाराकडे बोट कोणत्या क्षणी रोखतेस?

वहिनी विचारते, ते नागपूरचं स्थळ पाहिलंस का. मी विचारत नाही, मला नाटकाची घाई आहे.

तुझा
मोरोदादा

* * *

अकोला,
३ डिसेंबर १९६६

ती. मोरोदादास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या खोलीतल्या नर्सला वाटलं, बाईंना शेवटी मढ्यांच्या खोलीची बाधा झाली.

दादा, कॉरोनर मुंबईत असतो. आपल्या वऱ्हाडात पोलीस पंचनामा करतात, प्रेत माझ्याकडे येतं, मी पाहते आणि लिहून देते. संपलं. निकाल जाहीर करायला मला कोणी बोलावत नाही. कोर्टात बोलावतात, तिथे मी तोंड उघडलं की तुझ्यासारखा एखादा वकील ओरडतो, 'बाई, हो की नाही, एवढंच सांगा!' बोट रोखायची तर सोयच नाही.

मी रबरी एप्रन घालते. पाइप ओढत नाही, लवंग चघळते. खोली दवाखान्याच्या मागे आहे, धोब्याच्या दोऱ्यांच्या पलीकडे, त्यामुळे माझ्या कामात सरकारी चादरी फडफडत असतात. वामनरावांना हे चालणार नाही, कळतं मला.

एक मात्र तुझ्या उद्धवनं बरोबर लिहिलं. मेलेल्याची बाजू घ्यावी लागते. कारण त्याच्याबद्दल सगळे बोलतात, आणि जो तो आपल्या सोयीचं बोलतो.

नागपूरचं स्थळ पाहिलं. मी काय काम करते ते ऐकल्यावर त्यांनी चहा न पिताच बशी खाली ठेवली. माझं काही बिघडलं नाही, त्यांचा चहा मी प्याले.

तुझी
सिंधू

* * *

अमरावती,
११ डिसेंबर १९६६

चि. सिंधूस आशीर्वाद.

लवंग नाटकात घेतली. चादरी घेतल्या नाहीत.

पहिला अंक तयार आहे. अडचण आहे ती मढ्याची. ते काम ओमप्रकाशला द्यावं लागलं. कापडदुकानाचा मालक, पडदे त्यानेच दिले, तेव्हा त्याला स्टेजवर आणणं भाग होतं. आधी फौजदार केला, पण त्याला एकही वाक्य पाठ होईना. म्हणून शेवटी प्रेत केला. पठ्ठ्यानं ते काम असं मनावर घेतलं आहे की दुकानात गादीवर आडवा पडून सराव करतो, आणि गिऱ्हाइकं हळहळून परत जातात.

त्याच्या आईनं मात्र डोळ्याला पदर लावला. पोरगं रोज मरणार हे तिला बघवेना. मी म्हटलं, 'सुंदराबाई, पडदा पडला की उठतोच तो.' ती म्हणाली, 'उठला की त्याले पयले गोड खाऊ घालाचं, नाई तं माह्या पोराले नेऊ नका.' आता दर तालमीनंतर आम्ही मढ्याला पेढा देतो. बाकीचे नट रुसले आहेत.

दुसऱ्या अंकाला कथानक हवं. तुझ्याकडे काही बरं आलं तर कळव. बरं म्हणजे काय ते तू जाणतेसच.

तुझा
मोरोदादा

* * *

अकोला,
२२ डिसेंबर १९६६

ती. मोरोदादास नमस्कार.

तू कथानक मागितलंस आणि ते दारात आलं. पण हे वाचताना जरा गंभीर हो. यात एका पोरीचा संसार अडकला आहे.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एक गाव आहे. तिथले पुंजाजी, माळी, वांगी-मेथीचा मळा. वय ऐंशीच्या घरात, तोंडात दात एक नाही. परवाच्या चंपाषष्ठीला घरी भरीत आणि निखाऱ्यावर भाजलेल्या कडक रोडग्यांचा नैवेद्य होता. नातसून नवी, बेबी नाव तिचं, चांदूर बाजारची. त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक पहिल्यांदाच एकटीनं केला. नैवेद्य झाला, जेवणं झाली, म्हातारा मळ्यात गेला आणि थोड्या वेळानं बांधावर मेलेला सापडला.

झालं. कोणी म्हणालं विष घातलं, कोणी म्हणालं पांढऱ्या पायाची आहे. सासऱ्यानं पोलिसांत कळवलं. पोरीचा बाप येऊन तिला चांदूर बाजारला घेऊन गेला. निघताना तिनं कोणाला एक शब्दही बोलून दाखवला नाही म्हणे, आणि तेही गावानं तिच्याच विरुद्ध धरलं.

मी प्रेत तपासलं. पोट चांगलं होतं, विषाचं काहीच चिन्ह मला दिसलं नाही. घशात रोडग्याचा मोठा तुकडा होता. पोलीस जमादारानं लगेच सांगितलं, 'त्ये काई नाई बाई, बुढीनं शेवटचा घास देल्ला. मेल्यावर तोंडात ठेवला, तुळशीपत्रासंगं.' पार्बताबाई, म्हणजे पुंजाजीची म्हातारी, दारातच बसली होती. तिनंही मान हलवली. बुढ्याले रोडगा लय आवडे, म्हणाली.

तुकडा पाहिला तसा लिहून ठेवला, पण कारण राखून ठेवलं. आतडी नागपूरला तपासायला पाठवली. तिकडून उत्तर यायला उन्हाळा उजाडेल. तोवर ती पोर माहेरी, कपाळावर खुनाचा डाग घेऊन. उत्तर 'विष नाही' असं आलं तरी गाव म्हणणार, 'मंग कायनं मेला?' त्याचं उत्तर माझ्याकडे हवं, आणि ते नाही. फार चरफडते आहे मी.

तुझी
सिंधू

* * *

अमरावती,
२६ डिसेंबर १९६६

चि. सिंधूस आशीर्वाद.

वकिलाच्या नजरेनं सांगतो, सासरा! ज्यानं आधी तक्रार केली तोच. मळा कोणाच्या नावावर आहे ते बघ. दुसऱ्या अंकाच्या शेवटी वामनराव त्याच्याकडे बोट रोखतात, असा प्रवेश लिहूनही झाला.

तुझा तो शेवटचा घास मला फार आवडला, म्हणजे नाटकाच्या दृष्टीनं. काल तालमीत घेतला. प्रेत आडवं आहे, म्हातारी रडत रडत त्याच्या तोंडात रोडग्याचा तुकडा ठेवते, आणि वामनराव भाषण सुरू करतात. भाषण चार पानी आहे. ते तिसऱ्या पानावर आले आणि ओमप्रकाश ताडकन उठून बसला, तुकडा हातावर काढला आणि म्हणाला, 'पानी द्या, नाई तं खराच मरतो!'

मी चिडलो. म्हटलं, अरे शहाण्या, हळूच गिळून टाकायचा! तर मलाच शिकवतो, 'वकीलसायेब, गिळला तं नरडं हालते, पब्लिकले दिसते. मेलेला मानूस गिळन कसा?' पेढे खाऊन खाऊन हा भलताच मोठा नट झाला आहे. शेवटी भाषण दोन पानी केलं. वामनराव माझ्याशी बोलत नाहीत.

प्रयोग पंधरा जानेवारीला, रविवारी. तू येणार आहेस, हे गृहीत धरलं आहे.

तुझा
मोरोदादा

* * *

अकोला,
२ जानेवारी १९६७

ती. मोरोदादास नमस्कार.

तुझ्या ओमप्रकाशला माझ्यातर्फे शेरभर पेढे दे. तुला मात्र एकही नाही. सासरा बिचारा निर्दोष आहे आणि मळा म्हातारीच्या नावावर आहे.

मेलेला माणूस गिळेल कसा! अरे, हे मला कापडदुकानदारानं सांगावं? तुझं पत्र हातात धरूनच मी माझी नोंदवही उघडली. मेल्यावर तोंडात ठेवलेला घास तोंडातच राहतो. पुंजाजीच्या तोंडात होतं ते तुळशीपत्र. रोडगा होता खाली, श्वासनळीच्या तोंडाशी गच्च बसलेला, आणि त्याचे कण फेसात मिसळून आणखी खाली गेलेले. ते सगळं मी माझ्याच हातानं लिहिलं होतं. पण प्रेताच्या तोंडात घास ठेवतात हे आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं, की जमादारानं सांगितलं आणि मी मान डोलावली. म्हातारा जिवंतपणी तो तुकडा खात होता. घास अडकून गेला. विष नाही, पांढरा पाय नाही, काही नाही.

मग पार्बताबाई खोटं का बोलली? सुट्टी काढून मी गावाला गेले. ती मळ्यात मेथी खुडत होती. शेजारी बसले, म्हटलं, 'आजी, मेलेलं माणूस गिळत नाही.'

तिनं हातातली मेथी जुडीत लावली. मग जुडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला दात नाहीत म्हणून घरात सगळ्यांची ताकीद, कडक काही द्यायचं नाही. बेबी तर त्याच्यासाठी रोडगा चुरून दुधात भिजवून देई. 'थ्या दिशी बी देल्ला. पन बुढा मले म्हने, पार्बते, सनाच्या दिशी बी का लेकरावानी खाऊ? मंग म्या पदरात लपवून नेला, तुपात बुडवून. ह्या हातानं चारला. थो हासला न बाई, तोंड भरून हासला. न तसाच...'

घाबरली. नवऱ्याला मी मारलं असं लोक म्हणतील, मुलं घराबाहेर काढतील. जमादारानं विचारलं तेव्हा तोंडातून खोटं निघून गेलं. नातसुनेवर बालंट येईल हे तेव्हा तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि आलं तेव्हा जीभ उचलेना.

आता वकील म्हणून सांग, नाटककार म्हणून नको. नवऱ्याला मायेनं घास भरवणं कोणत्या कलमात बसतं?

तुझी
सिंधू

* * *

अमरावती,
५ जानेवारी १९६७

चि. सिंधूस आशीर्वाद.

कोणत्याच कलमात बसत नाही. बसलं असतं तर वऱ्हाडातल्या निम्म्या बायका आज तुरुंगात असत्या, आणि तुझी वहिनी त्यात पहिली. घास अडकून अपघाती मृत्यू, एवढं लिही. कोणी भरवला हा प्रश्न तुला कोणी विचारलेला नाही. जमादाराशी खोटं बोलली त्याचं मी पाहीन. तिच्या मनातून तुरुंगाचं भय काढून टाक.

पण सिंधू, हे असं कागदावर लिहून गप्प बसणार तू? गावात सभा घे! पारावर उभी राहा, सगळ्यांना जमव, आणि म्हातारीकडे बोट रोखून सत्य जाहीर कर! मी भाषण लिहून देतो. पोरीची अब्रू पणाला लागली आहे, आणि तुला ती एका वाक्यात परत देता येते. उद्धवच्या पेटीतला तो कॉरोनर काय करील, विचार कर.

तुझा
मोरोदादा

* * *

अकोला,
१२ जानेवारी १९६७

ती. मोरोदादास नमस्कार.

पेटीतला कॉरोनर दर आठवड्याला नव्या गावात जात असेल. मला याच लोकांत राहायचं आहे. ऐंशी वर्षांच्या बाईकडे बोट रोखायला माझ्या हाताला जमणार नाही. माझं बोट मेलेल्यासाठी आहे, आणि पुंजाजीची तक्रार काहीच नव्हती, हे मी तुला लिहून देते.

पण तुझंही अर्धं खरं निघालं. मी 'अपघात' लिहून दिलं, पोलिसांनी प्रकरण मिटवलं, आणि गाव? गाव म्हणतं, डॉक्टरीणबाईला चांदूर बाजारवाल्यांनी संत्र्याची पेटी पोचवली. सासरा म्हणतो, माझी हरकत नाही, पण तिच्या हातचं जेवणार कोण? म्हणजे पोर तिथेच राहिली. कागदानं पोलीस मानतात, जीभ मानत नाही.

काल पार्बताबाई एकटीच एस.टी.नं दवाखान्यात आली. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. बाकावर बसली आणि म्हणाली, 'मले चांदूर बाजारले जाचं हाये. रस्ता ठाव नाई. पोराईले सांगाची हिंमत नाई. कोनी सोबतीले द्या.' माझी सुट्टी संपली आहे, आणि रविवारी इथे मी एकटीच डॉक्टर.

म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं तिला तुझ्याकडे पाठवते. स्टँडवर उतरवून घे आणि चांदूर बाजारला घेऊन जा. रविवारी तुझं नाटक आहे हे मला ठाऊक आहे. तरीही मागते. त्या पोरीचं सगळं आयुष्य या एका फेरीवर आहे, आणि माझ्याकडे तुझ्याशिवाय कोणी नाही.

आणि दादा, वाटेत तिला भाषण देऊ नकोस.

तुझी
सिंधू

* * *

अमरावती,
१७ जानेवारी १९६७

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

आधी नाटकाचं सांगून टाकतो, म्हणजे माझं मन मोकळं. दिग्दर्शक चांदूर बाजारला आणि रंगमंडळ अमरावतीला, अशा अवस्थेत पडदा वर गेला. मी पोचलो तेव्हा तिसरा अंक चालू होता. वामनरावांनी माझ्या गैरहजेरीचा फायदा घेऊन दोन पानी भाषण पुन्हा चार पानी केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या ओमप्रकाशला, एवढा वेळ निपचित राहिल्याबद्दल. पडदा पडल्यावर सुंदराबाईनं स्टेजवर येऊन त्याला सगळ्यांसमोर पेढा भरवला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

आता खरं सांगतो. म्हातारी गाडीतून उतरली ती हातात एक गाठोडं घेऊन. मी नमस्कार केला, तर म्हणाली, 'तुमीच का भाषनवाले?' तू काय काय सांगितलं होतंस तिला? मग चांदूर बाजारपर्यंत मी तोंड उघडलं नाही. ती खिडकीतून संत्र्यांचे बगीचे बघत होती आणि गाठोडं मांडीवर घट्ट धरून होती.

बेबीच्या बापाचं घर बाजाराच्या मागे आहे. पोर अंगणात बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. बापानं म्हातारीला पाहिलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. आई दारात आली, तिनं 'या' म्हटलं नाही, पाणी आणलं नाही. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले. मला वाटलं, आता बोलावंच. घसा खाकरला, तर म्हातारीनं माझा कोट ओढला. 'तुमी गप राहा, वकीलसायेब.'

मग ती उन्हात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. 'पोरी, तुया आजेसासऱ्याले तू काई केलं नाई. म्या रोडगा चारला. चोरून चारला. न मंग मी गप राहिली. तुयावर आलं तरी गप राहिली. आता तुले वाटन थे बोल मले.'

कुंपणावरच्या माना पुढे आल्या. बापही वळून बघू लागला. बेबीनं हातातली जुडी पुरी बांधली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, 'मले ठाव होतं.'

सिंधू, मी तीस वर्षं कोर्टात आहे. असा साक्षीदार मला कधी भेटला नाही. बेबी त्या दिवशी म्हाताऱ्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन मळ्यात येत होती. बांधावरून तिनं सगळं पाहिलं होतं. म्हातारी दोन पावलं पुढे झाली. मग म्हणाली, 'मंग बोलली काहून नाई व माय?'

पोर म्हणाली, 'मी बोलली असती तं तुमाले घरातून काहाडलं असतं. तुमी कोनाकडे गेल्या असत्या? मले तं माय-बाप हायेत, मी इकडे आली.' आणि मग जरा रागानं, 'पन तुमी इतका उशीर लावसान, असं नव्हतं वाटलं.'

म्हातारी तिच्या शेजारी, जुड्यांपाशी जाऊन बसली. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. कुंपणाशी उभ्या असलेल्या बायका एकमेकींना धरून डोळे पुसत होत्या. बेबीच्या आईनं आत जाऊन पाणी आणलं. बापानं बाज टाकली. मग पोरीनं स्वतःच्या हातानं भाकरी आणि वांग्याची भाजी आणली, आणि म्हातारीनं सगळ्यांसमोर ती पोटभर खाल्ली. गावातही अशीच पारासमोर बसून खाईन, असं तिनं आपण होऊन सांगितलं.

मला वाटलं होतं, आता बोलणी होतील, मुहूर्त बघतील, जावई न्यायला येईल. म्हातारीचं ताट उचलून बेबी आत गेली ती लुगड्याचं गाठोडं काखेत मारूनच बाहेर आली.

'उठा आता, आजी,' म्हणाली. 'गाडी चुकली तं सांजची चूल कोन पेटवन?'

मी दोघींची गाठोडी उचलली आणि मागून चालू लागलो. बोललो काहीच नाही.

तुझा
मोरोदादा